साडेनऊनंतरची शहरं

माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक मासा होता. लांबी एकवीस मिलिमीटर, रंग पिवळट हिरवा, शेपटीचा खालचा तुकडा नीट उमटलेला नव्हता. साध्या उजेडात तो दिसत नव्हता. सोमवारी सकाळी लॅबच्या अंधाऱ्या खोलीत मी शेंगदाण्याच्या नमुन्याची काचपट्टी अतिनील दिव्याखाली धरली, ॲप्रनची बाही जरा वर सरकली, आणि पट्टीवरचे बुरशीच्या विषाचे निळे ठिपके मोजायच्या आधी मासाच दिसला. शुक्रवारी रात्री साडेबाराला व्हॅलेन्सिया शहरातल्या एका क्लबच्या दारात मारलेला शिक्का होता तो. त्यानंतर तीन अंघोळी आणि दोन विमानं झाली होती. शाई चांगल्या प्रतीची असावी.

मी बाही खाली ओढली, ठिपके मोजले, नोंद केली. मग बाही पुन्हा वर केली आणि दिवा बंद न करता तशीच बसून राहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी दिवा असा विनाकारण चालू ठेवला नव्हता.

आमची लॅब मुख्यतः नाशिकमधून परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची तपासणी करते. मण्यांवर कुठल्या औषधाचा किती अंश उरला आहे हे आम्ही सांगतो, मग कंटेनर निघतो. घेणाऱ्या देशांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून बागायतदारांचा अभ्यासदौरा निघाला की नियम समजावून सांगायला लॅबतर्फे मी बरोबर जायची. यंदाचा स्पेनचा दौरा माझा शेवटचा. जुलैअखेर मी निवृत्त होणार.

खिशातला फोन थरथरला. सरुबाई.

"मॅडम, पोचल्या का कामावर?"

"पोचले."

"मग? काय ठरलं? त्या तिकिटवाल्या पोरीनं आपली दोन शिटं उद्या सकाळी अकरापर्यंत धरून ठेवलीत. नंतर सोडणार म्हणती."

"बघू, सरुबाई."

"तीन वर्षं बघतायच तुम्ही," त्या म्हणाल्या. "एवढ्यात माझी नवी बाग फळावर आली."

सरुबाई दिंडोरीजवळच्या बागायतदार. वय त्रेसष्ट, सात एकर द्राक्ष, गळ्यात तुळशीची माळ. नवरा गेल्यावर बाग त्यांनीच सांभाळली आणि दौऱ्यांनाही त्याच येऊ लागल्या. दौऱ्यात बायका आम्ही दोघीच असायचो, म्हणून खोली एक. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोळा झाला की ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीपर्यंत बागेत फारसं काम नसतं. तेवढ्यात आठ दिवस लिस्बनला जायचं. बाग बघायची नाही, पॅकहाऊस बघायचं नाही, मीटिंग नाही. दिवसा झोपायचं आणि रात्री गाव हिंडायचं. व्हिसा आमच्याकडे होता, पासपोर्ट होते, गुडघे अजून चालत होते. अडचण एकच होती. मला घरी सांगावं लागलं असतं.

घरी म्हणजे आईंना, माझ्या सासूबाईंना. सिंधुबाई, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर नामपूर. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहतो. माझा नवरा दिनेश अकरा वर्षांपूर्वी एका रात्री मालेगावहून निघाला आणि घरी पोचला नाही. हायवेवर उभा असलेला ट्रक अंधारात दिसला नव्हता. तेव्हापासून घरातलं माणूस बाहेर असलं की आई झोपत नाहीत. मी परगावी असले की रात्री साडेनऊला फोन करायचा आणि म्हणायचं, "आई, खोलीवर पोचले." त्या "बरं" म्हणतात, देवाजवळचा दिवा लहान करतात आणि झोपतात.

मी कधी खोटं बोलले नाही. ही गोष्ट मी स्वतःशी बरेचदा तपासून पाहिली आहे. नाशिकमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात युरोपात संध्याकाळचे सहा असतात. सहाला मी खरोखर खोलीवर असायची. आई समजायच्या की तिथंही रात्र झाली, दार लागलं, आता सकाळपर्यंत काळजी नाही. मी फक्त त्यांना तसं समजू द्यायची.

याची सुरुवात रॉटरडॅमला झाली. आठ वर्षांपूर्वीचा जून. दिवसभर बंदरावरची शीतगृहं बघून झाली होती. बाकीचे बारा जण एका खोलीत गोल करून घरची चटणी आणि दशम्या खात होते आणि सकाळची बस किती वाजता हे एकमेकांना विचारत होते. आम्ही दोघी आमच्या खोलीत आडव्या झालो होतो. नऊ वाजले होते.

"मॅडम, झोपल्या का?"

"नाही."

"मला बी झोप येईना. पडद्याच्या फटीतून ऊन येतंय. चला, भाईर जाऊन येऊ."

"आत्ता? रात्रीचं?"

त्या उठून बसल्या. "अवो, आमच्याकडं आठवड्यातले चार दिस मोटरीची लाईट रातचीच असती. एकला उठून एकटी जाते मी विहिरीवर, काठी आपटत. इथं तर रस्त्यावर दिवे हायेत, आन् बिबट्या नाय."

बिबट्या नाही, हा मुद्दा मला पटला. आम्ही बाहेर पडलो.

पहिली दहा मिनिटं मला भीती वाटली. छातीचे ठोके मला मोजता येत होते. मग ते कमी झाले, आणि मी आजूबाजूला बघू लागले. नदीकाठच्या मोकळ्या जागेत लोक टेबलं टाकून बसले होते. आमच्या वयाच्या बायका होत्या, एकट्याही होत्या. एका नावेवर चार म्हातारे वाद्यं वाजवत होते आणि त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नव्हतं, तरी ते खुशीत होते. सरुबाईंनी लिंबू सरबत घेतलं. मी पांढऱ्या वाइनचा एक ग्लास घेतला. वाइन तपासायचं काम मी आठ महिने केलं होतं, प्यायले तेव्हा पहिल्यांदा.

"हे लोक उद्या कामाला जात नाय का?" सरुबाईंनी विचारलं.

मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, जातात, आठ वाजता.

"मग आपण काय पाप केलंय?" त्या म्हणाल्या आणि दुसरं सरबत मागवलं.

साडेअकराला आम्ही परत आलो. सकाळी बसमध्ये मी वेळेत होते, नियमांची माहिती नीट दिली, एकही आकडा चुकला नाही. हे मला महत्त्वाचं वाटलं.

त्यानंतर प्रत्येक दौऱ्यात आम्ही निघायचो. कधी एक रात्र, कधी तीन. मला त्यात काय आवडतं हे सांगणं सोपं नाही, पण प्रयत्न करते. दिवसा शहर तुम्हाला काहीतरी विकत असतं नाहीतर कुठंतरी ढकलत असतं. रात्री साडेदहानंतर ते हात सैल सोडतं. बेकरीवाला मागच्या दाराशी बसून सिगारेट ओढतो, बसचा चालक रिकाम्या बसमध्ये गाणं म्हणतो, कपडे इस्त्री करून आलेली मुलं एकमेकांची कॉलर नीट करतात. कुणी मला विचारत नाही की तुम्ही कोण आणि कुणाबरोबर आलात. नाशिकमध्ये हा प्रश्न मला भाजीवालाही विचारतो, प्रेमानेच विचारतो, पण विचारतो.

एकदाच पंचाईत झाली, हनोईला. पूर्वेकडे गेलं की घड्याळ उलटं पडतं. नाशिकचे साडेनऊ म्हणजे तिथले अकरा. आपल्याकडे न्हाणीत बसायला असतात तसल्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर, जुन्या गावातल्या एका कोपऱ्यावर, साठसत्तर लोक बसून बिअर पीत होते आणि मधून स्कूटर जात होत्या. चाकं लावलेला एक मोठा स्पीकर घेऊन एक बाई आली होती. ज्याला गायचं त्याला ती माइक द्यायची. सरुबाईंनी तो घेतला. घडातले मणी विरळायच्या वेळी त्यांच्याकडच्या मजुरणी म्हणतात त्यातलं एक गाणं त्यांनी सगळं, सातही कडवी म्हटली. लोक ताल धरून बसले होते. नेमके तेव्हा अकरा वाजले. मी एका बंद दुकानाच्या शटरला चिकटून फोन लावला.

"एवढा आवाज कसला?" आईंनी विचारलं.

"खिडकी उघडी आहे," मी म्हणाले.

ते मात्र खोटं होतं. पूर्ण, कुठलीही सबब नसलेलं. त्या रात्री परत आल्यावर मला झोप लागली नाही, आणि तरीही दुसऱ्या रात्री मी गेले.

आता व्हॅलेन्सियाचं सांगते, कारण गोष्ट तिथं बिघडली.

दौऱ्याची शेवटची रात्र होती. बंदराजवळ जुन्या मासळी बाजाराच्या इमारतीत एक क्लब होता, शिक्क्यात मासा होता तो त्यामुळेच. दारावरच्या धिप्पाड माणसाने सरुबाईंच्या सहावारीकडे आणि खालच्या बुटांकडे पाहिलं, मग अदबीने बाजूला झाला. आत बहुतेक सगळे तिशीच्या आतले. पण पांढऱ्या केसांचं एक जोडपंही होतं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हळूहळू डुलणारं. सरुबाई दहा मिनिटं कडेला उभ्या राहिल्या, मग त्या जोडप्यातल्या बाईचे दोन्ही हात धरून त्यांनी सरळ फुगडी सुरू केली. त्या बाईला ती पहिल्या फेरीत जमली. भोवती जागा झाली, टाळ्या पडल्या.

मी नाचत नाही. लग्नाच्या वरातीत मी लोकांच्या पर्स सांभाळते. पण त्या रात्री मी पर्स कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवली आणि पंचवीस मिनिटं नाचले. पंचवीस हे नंतर घड्याळ बघून कळलं. नाचताना मला वेळ कळत नव्हती, आणि हे माझ्या बाबतीत इतकं दुर्मीळ आहे की मी ते मुद्दाम लिहून ठेवते आहे.

सरुबाईंनी माझा फोटो काढला. दोन्ही हात वर, केस सुटलेले, डोळे मिटलेले, तोंडावर निळा उजेड. त्यांना तो मला पाठवायचा होता. पण त्यांच्या फोनमधून फोटो जातात ते एकाच ठिकाणी. 'द्राक्ष सल्ला' नावाचा आमचा गट आहे, त्यात चारशे बारा बागायतदार आहेत. पानावर डाग दिसला की आधी पानाचा फोटो टाकायचा, खाली शेवटची फवारणी कधी केली ते लिहायचं, मग प्रश्न. ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो, आणि रोज संध्याकाळी मी देते. सरुबाईंचं बोट सवयीने त्या गटावर गेलं. स्पेनमध्ये पावणेदोन वाजले होते. नाशिक जिल्ह्यात सव्वापाच. बागायतदार उठलेले असतात.

पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. "फोटो हलला आहे. पान जवळून दाखवा."

दुसरं, "कडा निळसर दिसतात. पालाश कमी पडतंय का?"

तिसऱ्याने चष्मा लावला असावा. "हे पान नाही. या लॅबच्या मॅडम आहेत."

"मग काय फवारावं?"

"काही फवारू नका. बाग जोमात आहे."

याखाली एकशे तीन अंगठे.

सरुबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी घाईघाईने फोटो काढून टाकला, पण फक्त स्वतःच्या फोनमधून. त्यांच्या पडद्यावरून तो गेला, म्हणजे जगातून गेला असं त्यांना वाटलं. मी फोन खोलीवर ठेवला होता. मला सगळं कळलं ते सकाळी नाश्त्याला. सावळीरामभाऊ नावाचे आमच्या दौऱ्यातले सगळ्यात गंभीर गृहस्थ ताट घेऊन माझ्याजवळ आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मॅडम, मंडळी एकच इचारतायत. हा रोग आपल्याकडं पसरंल का?"

सगळे हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. मीही हसले. पण गटात नामपूरचे लोकही होते, आणि नामपुरात आईंचा भाचा राजू.

रविवारी रात्री मी घरी पोचले तेव्हा आईंनी मुगाची खिचडी वाढली, प्रवास कसा झाला विचारलं, आणि बाकी काही बोलल्या नाहीत. सोमवारी दिवसभर मी लॅबमध्ये स्वतःशी एकच गोष्ट घोळवत होते. उद्या अकराच्या आत सरुबाईंना हो किंवा नाही सांगायचं. नाही म्हटलं तर कुणाला काही सांगायची गरज नाही. जुलैत निवृत्त व्हायचं, दौरे संपतील, ही गोष्टही आपोआप संपेल. हो म्हटलं तर दिनेशच्या आईला तोंडाने सांगावं लागेल की मी रात्री बाहेर पडते, मला कुणी पाठवत नाही, मला आवडतं म्हणून पडते.

संध्याकाळी सातला घरी आले. आई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारी त्यांचा फोन.

"हात धू आणि बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. पडद्यावर माझा फोटो होता. आई पन्नास वर्षं नाशिकमध्ये राहून शहरासारखं बोलतात. फार आनंद किंवा फार त्रास झाला की मात्र माहेरची अहिराणी वर येते.

"हाई काय शे, पल्लवी?"

"मी आहे, आई. नाचतेय."

"ते दिसतंय. किती वाजले होते?"

"रात्रीचा दीड. असं काहीतरी." मग मला राहवलं नाही. "एक चाळीस."

"आणि मला खोलीवरून फोन केलास तेव्हा?"

"तिथले सहा."

त्यांनी मेथीची एक काडी हातात धरली आणि बोटांवर काहीतरी मोजलं. आईंचं गणित पक्कं आहे. त्यांनी दिनेशला पाढे शिकवले होते, तीसपर्यंत.

"म्हणजे मी झोपले की तू निघालीस."

"हो."

"दर खेपेला?"

"दर खेपेला नाही. बहुतेक वेळा."

"म्हणजे आठ वर्षं मी उगाचच निर्धास्त झोपले."

त्या पानं खुडत राहिल्या.

"झोप मात्र छान लागायची," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या आवाजात राग शोधला, तो सापडला नाही. "भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. पहिली दहा मिनिटं."

"मग?"

"मग कमी होते. आम्ही दोघी असतो. उजेडाच्या रस्त्यानेच जातो. हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद दोघींच्या पर्समध्ये असतो. गाडीत बसायचं झालं तर नंबर लिहून घेते."

"लिहून घेत असशीलच तू," त्या म्हणाल्या. "असतं कोण गं रात्री तिथं? चोरचिलटं?"

"नाही हो. आपल्यासारखीच माणसं. एका ठिकाणी ऐंशी वर्षांची बाई होती, गुलाबी कोट घातलेली. तिला ऐकू कमी येत होतं, म्हणून ती वाजवणाऱ्याच्या अगदी शेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिच्यासाठी तो सगळं दोनदा वाजवत होता."

"बाई गं," आई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर अशी काही उत्सुकता आली की मी पुढचं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांनी निवडलेली मेथी चाळणीत भरली आणि त्या एकदम कामाच्या सुरात बोलू लागल्या.

"तू काळजी करू नकोस. मी सगळं निस्तरलंय. शनिवारपासून नामपूरहून फोनवर फोन. लंकाबाईची सून काय म्हणाली, कोण काय म्हणालं. मी एकेकाला सांगितलं, ते कामाचंच असतं म्हणून."

"नाच?"

"हो. म्हटलं, तिकडं पद्धतच आहे तशी. घेणारा व्यापारी जेवायला नेतो, मग नाचावं लागतं. नाही नाचलं तर त्यांना अपमान वाटतो आणि कंटेनर परत पाठवतात."

"आई!"

"गप्प बसले की नाही सगळे? कंटेनर म्हटलं की बागायतदार पुढं काही विचारत नाही." त्या समाधानाने हात झटकत उठल्या. "आणि आता तू निवृत्तच होणार. झालं, संपलं. आता काही जायला नको आणि रात्रीचं फिरायलाही नको."

त्या हे माझ्या भल्यासाठी म्हणाल्या होत्या, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं, मी फक्त आत यायचं आणि कडी लावायची. एक वाक्यही बोलावं लागणार नव्हतं. मी चाळणीतल्या मेथीवर पाणी सोडलं. माती खाली बसेपर्यंत बघत राहिले. पाणी बदललं. तीन पाणी झाली.

तेवढ्यात आईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी स्पीकर लावतात. राजूचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात भरला.

"आत्या, वहिनी उन्यात का?"

"आली. इथंच आहे. बोल."

"वहिनी, नमस्कार! काय हो, एकदम जोमात दिसल्या तुम्ही फोटोत."

"नमस्कार, राजूभाऊ."

"नाही, मी कामासाठीच फोन केला," राजूचा सूर एकदम गंभीर झाला. "यंदा आमचा माल पहिल्यांदा बाहेर जायचाय. एक कंटेनर भरतोय आम्ही चौघं मिळून. आत्या म्हणाली, घेणाऱ्यापुढं नाचावं लागतं. तर ते मालकानेच नाचायचं का कुणी बी चालतं? म्हणजे मला तर लग्नात बी जमलं नाही. आमचा दीपक चांगला नाचतो. त्याला पाठवला तर धरतील का?"

मी आईंकडे पाहिलं. आई शेगडीकडे पाहत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

"राजूभाऊ, चेष्टा करताय ना?"

"चेष्टा कशाला करू? चौघांनी काल बैठक घेतली यावर. पुंजाआप्पा म्हणतात, नाच चालंल पण दारू प्यायला लावली तर माल इथंच विकू."

एकतीस वर्षं माझं काम एवढंच आहे. मण्यावर जे आहे ते आहे म्हणायचं, जे नाही ते नाही म्हणायचं. कमी नाही, जास्त नाही. माझ्या सहीच्या अहवालावर लोक कंटेनर भरतात. आणि आता नामपुरात चार कर्ती माणसं एका खोट्यावर बैठक घेऊन बसली होती, आणि ते खोटं माझ्या नावावर खपत होतं. आई हळूच हाताने खूण करत होत्या, जाऊ दे, हो म्हण, मी बघते नंतर.

मी नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले आणि फोनजवळ येऊन उभी राहिले.

"राजूभाऊ, नीट ऐका. कुठल्याही देशात नाचावं लागत नाही. कंटेनर परत येतो तो औषधाचा अंश जास्त निघाला तर. तुमचा नमुना पाठवा, मी स्वतः तपासते. दीपकला कुठं पाठवू नका."

पलीकडे गडबड झाली. राजू कुणाला तरी सांगत होता, नाही रे, नाचायचं नाही. मग तो फोनवर आला.

"मग वहिनी, तुम्ही कशाला नाचत होत्या?"

आई आता माझ्याकडे वळल्या होत्या. माझ्या छातीचे ठोके मला मोजता येत होते, पण मी मोजले नाहीत.

"मला नाचावंसं वाटलं म्हणून," मी म्हणाले. "कुणी सांगितलं नव्हतं, कामही नव्हतं. काम दुपारी चारलाच संपलं होतं." आणि मग मी फोनकडे न बघता आईंकडे बघून पुढचं बोलले, कारण ते त्यांनाच सांगायचं होतं, तीन वर्षं सांगायचं होतं. "आई, पोळा झाला की मी सरुबाईंबरोबर लिस्बनला जाणार आहे. आठ दिवस. कामासाठी नाही. तिथल्या रात्री बघायला जाणार आहे."